रिकामा भटारखाना तासांवर देताना: सांगलीच्या कार्यालयवाल्यांसाठी पायरीपायरीने

आषाढी एकादशी झाली की आमच्या मंगल कार्यालयाचा भटारखाना गप्प होतो. सहा भट्ट्या, दोन मोठ्या मोऱ्या, कडाप्प्याचे लांब ओटे, कोठीघर, सगळं कुलपात. तुळशीच्या लग्नापर्यंत एखादं डोहाळजेवण, एखादी साठीशांत, बस. घरपट्टी मात्र बारा महिन्यांची भरावी लागते आणि सफाईच्या मावशींचा पगारही थांबत नाही. त्याच दिवसांत आमच्या मागच्या गल्लीतल्या दोघी जावा घरातल्या दोन शेगड्यांवर दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी ओढत होत्या. भाजणीचे डबे पलंगाखाली, चिवड्याच्या पिशव्या गॅलरीत, आणि सासऱ्यांच्या चहाला शेगडी मोकळी नाही.

२०२२ च्या पावसाळ्यात मी त्यांना भटारखाना वापरायला दिला. आज आमच्याकडे फराळवाल्या, चटणी-मसालेवाली, केक करणारी एक मुलगी आणि भडंगवाले असे पाच जण आलटूनपालटून काम करतात. सुरुवातीला मला सांगणारं कोणी नव्हतं, त्यामुळे पहिल्या वर्षात पैसे गेले आणि माणसंही दुखावली. ते तुमच्या वाट्याला येऊ नये म्हणून हे लिहितेय. तुमचं मंगल कार्यालय असो, बंद ठेवलेली खानावळ असो, वसतिगृहाची मेस असो की केटरिंगचं गोदाम, पायऱ्या साधारण याच.

एक गोष्ट सुरुवातीलाच मनाशी पक्की करा. तुम्ही तास विकताय. खोली भाड्याने दिल्यासारखा भटारखाना देऊन टाकलात, तर लग्नसराईत आपल्याच चुलीसाठी दुसऱ्याची परवानगी मागावी लागते. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका गोष्टीवर उभ्या आहेत.

१. आधी पंचांग काढा

गिऱ्हाईक शोधायच्या आधी वर्षाचं कॅलेंडर भिंतीवर लावा आणि तीन रंगांची पेनं घ्या.

लाल रंगाने लग्नाचे मुहूर्त, त्याच्या आदल्या दिवसाची हळद आणि दुसऱ्या दिवसाची आवराआवर. मुहूर्ताचा दिवस एकच असला तरी भटारखाना तीन दिवस अडकतो, हे आपल्याला माहीत असतं, येणाऱ्या माणसाला नसतं. हिरव्या रंगाने पक्के रिकामे दिवस: चातुर्मास, त्यातला पितृपक्ष आणि पौष महिना. निळ्या रंगाने ‘सांगता येत नाही’ असे दिवस. हल्ली चातुर्मासातही पंचांगकर्ते आपत्कालीन मुहूर्त देतात आणि लोक त्यावर लग्नं करतात. शिवाय साखरपुडे, बारशी, वाढदिवस कधीही येतात.

असं मांडलं की दोन गोष्टी डोळ्यांसमोर येतात. दिवाळी चातुर्मासात येते, म्हणजे फराळाचा हंगाम आपल्या रिकाम्या दिवसांतच पडतो. हा योग सोन्यासारखा आहे, तो आधी धरा. उन्हाळ्याचं मात्र उलटं. मसाले, पापड, कुरडया, सांडगे, कैरीचं लोणचं या सगळ्याला चैत्र-वैशाखात जागा हवी असते आणि नेमका तेव्हा आपल्याकडे लग्नांचा धडाका असतो. उन्हाळ्यात पूर्ण दिवस कबूल करू नका. लग्न नसलेल्या वारी पहाटे पाच ते नऊ एवढंच द्या आणि वाळवणासाठी गच्ची वेगळी द्या. आमची गच्ची एप्रिलमध्ये भटारखान्यापेक्षा जास्त मागितली जाते.

२. भटारखाना परक्याच्या नजरेने बघा

लग्नाच्या स्वयंपाकाला जे चालून जातं ते पाकिटबंद मालाला चालत नाही. लग्नाचं जेवण दोन तासांत संपतं, चकलीचं पाकीट मात्र महिनाभर कोणाच्या तरी फडताळात राहतं. ओलसर भिंत, फुटकी फरशी, जाळी नसलेली खिडकी, उघडा बल्ब हे सगळं आधी दुरुस्त करा.

आम्हाला जे घ्यावं किंवा करावं लागलं ते असं:

– खिडक्यांना बारीक जाळी, दाराला आपोआप मिटणारी स्प्रिंग
– दिव्यांना झाकणं, म्हणजे फुटले तरी काच अन्नात पडत नाही
– स्टीलची दोन टेबलं (कडाप्प्याच्या सांध्यांत पीठ बसतं आणि मुंग्या लागतात)
– हात धुवायला वेगळं बेसिन, साबणासकट. भांड्यांच्या मोरीवर हात धुणं बंद
– प्रत्येकासाठी कुलपाचं कपाट आणि जमिनीपासून वर सामान ठेवायला मांडण्या
– पाण्याच्या टाकीची सफाई आणि प्रयोगशाळेतून पाण्याचा तपासणी अहवाल
– पेस्ट कंट्रोलचा वार्षिक करार, पावत्या जपून
– मोठा एक्झॉस्ट पंखा
– तेलाच्या आगीसाठी ‘के’ वर्गाचं अग्निशामक आणि जाडजूड आगरोधक चादर
– मोरीच्या बाहेर तेल अडवणारं चेंबर

तेलाच्या कढईला आग लागली तर पाणी ओतायचं नाही, हे येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी तोंडी सांगा आणि भट्टीच्या वर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. उकळत्या तेलात पाणी पडलं की त्याची क्षणात वाफ होते आणि जळतं तेल चहूकडे उडतं.

आणि संडास-बाथरूम. जागा बघायला येणाऱ्या बाईला सगळ्यात आधी तेच जाणून घ्यायचं असतं, पण ती संकोचाने विचारत नाही. कडी नीट लागते का, दिवा आहे का, भटारखान्यापासून अंतर आहे का, हे तुम्हीच दाखवा. पहाटे येणाऱ्यांसाठी फाटकापासून दारापर्यंत उजेड ठेवा.

चेंबरबद्दल थोडं जास्त सांगते. पहिल्या वर्षी ते नव्हतं. वसुबारसेच्या संध्याकाळी मोरी तुंबली, अर्धा भटारखाना घाण पाण्याने भरला आणि दोघींच्या तीस किलो शंकरपाळ्याच्या ऑर्डरी दुसऱ्या दिवशीवर गेल्या. कारण उघड होतं: कढईतलं उरलेलं तेल कोणीतरी गरम पाण्याबरोबर मोरीत सोडत होतं. गार झाल्यावर ते नळीत मेणासारखं जमलं. चेंबर बांधायला जेवढे पैसे गेले तेवढेच त्या रात्री गटार साफ करणाऱ्यांना द्यावे लागले होते.

३. तुमचे स्वतःचे कागद

दुसऱ्याचे कागद मागण्याआधी आपले बघा. इमारतीचा वापर व्यावसायिक म्हणून मंजूर आहे का? घरपट्टीची पावती कोणाच्या नावावर आहे? जागा वडिलोपार्जित असेल तर भावंडांची लेखी संमती आहे का? जागा तुम्हीच भाड्याने घेतली असेल तर मूळ मालकाच्या लेखी परवानगीशिवाय पुढे पाऊल टाकू नका.

हे हाताशी ठेवा: मालकीचा उतारा किंवा मिळकतपत्रिका, चालू वर्षाची घरपट्टी पावती, वीजबिल, इमारतीचा मंजूर नकाशा, भटारखान्याचा मोजमापांसह कच्चा आराखडा, पाणी तपासणी अहवाल, अग्निशमनाचे कागद. महाराष्ट्रात २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्यानुसार कार्यालयासारख्या इमारतींना यंत्रणा चालू असल्याचा ‘ब’ नमुन्यातला दाखला जानेवारी आणि जुलैत द्यावा लागतो. आमच्यासारखे बरेच जण जुलैचा विसरतात.

गॅस निळ्या, १९ किलोच्या व्यावसायिक टाकीचाच. “वैनी, घरची लाल टाकी आणली तर चालेल का? तेवढेच पैसे वाचतील,” असं हमखास विचारलं जातं. चालत नाही. घरगुती १४.२ किलोची टाकी धंद्याला वापरणं बेकायदा आहे आणि काही घडलं तर विमा कंपनी सगळ्यात आधी तेच बघते. विम्याचा विषय निघालाच आहे तर तुमच्या आगीच्या पॉलिसीत ‘बाहेरचे लोकही ही जागा वापरतात’ हे कळवून तशी नोंद करून घ्या, म्हणजे दाव्याच्या वेळी वाद होत नाही.

महापालिकेच्या घरपट्टी विभागातही आधीच विचारा. जागा भाड्याने दिली की करआकारणी बदलू शकते आणि ती वाढ दरात धरावी लागते.

४. कोणाला द्यायचं, कोणाला कोणाशेजारी

माझा समज होता की वेळ वेगळी दिली की झालं. तसं नाही. वास वेळ पाळत नाही.

आमच्याकडे मंगळवारी सकाळी कांदा-लसूण चटणी व्हायची आणि दुपारी केक. मिरच्या भाजून झाल्या, ओटे पुसले, फरशी धुतली, पंखा दोन तास चालला. तरी केकच्या क्रीमला लसणाचा वास लागला. क्रीम आणि लोणी आजूबाजूचा वास ओढून घेतात. बाराव्या वाढदिवसाचा केक होता तो. गिऱ्हाइकाने परत पाठवला, आणि त्या मुलीचा पडलेला चेहरा मला अजून आठवतो. त्या केकचे पैसे मी भरले, कारण वेळापत्रक माझं होतं.

तेव्हापासून मी आठवडा असा लावते: वास नसलेली, दुधाची, गोडाची कामं आठवड्याच्या सुरुवातीला, तळण मध्ये, मिरची-मसाला शुक्रवारी, आणि त्यानंतर शनिवारी सफाई. मिरची भाजणार त्या दिवशी शेजाऱ्यांना आदल्या संध्याकाळी सांगून ठेवते. ठसक्याने एक म्हातारे गृहस्थ रागावून आले होते, आता तेच चटणीचं गिऱ्हाईक आहेत.

आणखी काही गोष्टी माणूस निवडतानाच स्पष्ट करा.

आमचं कार्यालय शाकाहारी आहे. अंडंसुद्धा नाही. हे फोनवरच सांगते. तुमच्याकडे दोन्ही चालत असेल तर भांडी, सुऱ्या, फळ्या आणि फ्रीज पूर्ण वेगळे करा.

सांगलीत जैन घरं पुष्कळ आहेत. चातुर्मासात कांदा-लसूण आणि कंदमुळं न चालणारी गिऱ्हाइकं फराळ, खाकरा, सुकी भाजी मागतात. त्या कामाला वेगळ्या कढया आणि झारे ठेवा, त्यांच्या दांड्यांवर पिवळी खूण करा. नवरात्रात राजगिरा-वरईची पिठं करणाऱ्या बाईलाही हेच लागू. तिच्या पिठात कणकेचा कण गेला तर माणसाचा उपवास मोडतो, आणि ज्याला गहू सोसत नाही त्याच्या जिवाशी खेळ होतो.

शेंगदाण्याकडे विशेष लक्ष द्या. भडंग, चिवडा, चटणी, लाडू, सगळीकडे दाणे असतात. ज्यांना दाण्यांची ॲलर्जी असते त्यांना थोडासा कूटही पुरतो. म्हणून एकाच भटारखान्यात दाण्याचं आणि बिनदाण्याचं काम होत असेल तर तसं लेबलवर छापायला सांगा, आणि कूट करायचं मिक्सरचं भांडं कोणी कोणाला उसनं देणार नाही, हा नियम कडक ठेवा.

पहिल्यांदा येणाऱ्याला मी दोन दिवस चाचणीचे देते, पूर्ण दराने. त्या दोन दिवसांत मी मालाच्या चवीकडे बघत नाही. माणूस जाताना ओटा कसा सोडून जातो ते बघते.

५. दर ठरवताना

इथे बहुतेक जण चुकतात, मीही चुकले. महिन्याचा पक्का खर्च आधी लिहा. आमचा २०२३ मधला असा होता: घरपट्टी-पाणीपट्टीतला भटारखान्याचा वाटा ३,०००, सफाईचा पगार ८,०००, पेस्ट कंट्रोल १,०००, दुरुस्ती आणि झीज ४,५००, विमा-अग्निशमन १,५००. एकूण १८,००० रुपये.

मी विचार केला, महिन्याचे २५ दिवस, रोज ८ तास, म्हणजे २०० तास. १८,००० भागिले २००, तासाला ९० रुपये. त्यावर थोडं वाढवून १०० ला दिलं. वर्षाअखेरीस हिशोब केला तेव्हा खिशातून पैसे गेले होते. कारण २०० तास मोकळे होते, पण विकले गेले सरासरी १२०. भागाकार विकल्या जाणाऱ्या तासांनी करायचा. १८,००० भागिले १२०, म्हणजे १५० रुपये ही नुसती बरोबरी. त्याच्या वर तुमचं उत्पन्न. आम्ही एरवी १८० घेतो आणि दसरा ते दिवाळी २२०. तुमचे आकडे वेगळे असतील, रीत हीच.

जागा तासावर, वीज मीटरवर, गॅस वजनावर. तिन्ही वेगळं ठेवलं की भांडण होत नाही.

विजेसाठी भटारखान्याच्या लाइनवर एक उपमीटर बसवा. आल्यावर आकडा, जाताना आकडा, दोघांच्या सह्या.

गॅसला आम्ही अशी सोय केली: लग्नाच्या टाक्यांची जोडणी तशीच ठेवून दोन भट्ट्या वेगळ्या करून घेतल्या आणि त्यांना एकच टाकी जोडली. ती टाकी वजनकाट्यावरच उभी असते. सुरू करताना वजन, बंद करताना वजन. टाकी समजा १,७१० रुपयांना पडली तर १९ ने भागून किलोला ९० रुपये. चार तासांच्या तळणाला ३.४ किलो गेला तर ३०६ रुपये, कोणाचा आक्षेप नाही. जोडणीचं काम गॅस एजन्सीच्या माणसाकडूनच करून घ्या.

कमीत कमी चार तास द्या. भट्टी तापायला, सामान मांडायला, शेवटी धुवायला दीड तास जातोच. दोन तासांच्या कामात कोणाचंच भलं होत नाही. दोन पाळ्यांच्या मध्ये अर्धा तास मोकळा ठेवा आणि त्याचे पैसे लावू नका.

करांचं थोडक्यात: सेवा देणाऱ्याला वर्षाला २० लाखांच्या पुढे जीएसटी नोंदणी लागते, आणि ही उलाढाल एकत्र मोजतात. कार्यालयाचं भाडं आणि भटारखान्याचे तास वेगळे धरून चालत नाही. व्यावसायिक जागेच्या भाड्यावर १८ टक्के कर आहे. तुमची नोंदणी नसेल पण जागा घेणाऱ्याची असेल, तर ऑक्टोबर २०२४ पासून तो कर सरकारकडे भरण्याची जबाबदारी साधारणपणे त्याच्यावर येते. तुमच्या सीएंना हे दोन प्रश्न नक्की विचारा.

६. करार

आता तो प्रसंग सांगते. पहिल्या वर्षी भडंग करणाऱ्या एका गृहस्थांना मी शब्दावर जागा दिली. ओळखीतले, कामाला चोख. हळूहळू त्यांचं सामान कोठीघरात आलं, मग एक फ्रीज आला, मग एक चावी त्यांनी करून घेतली. कार्तिकात आमच्याकडचं पहिलं लग्न. हळदीच्या दिवशी दुपारी आचारी त्यांची माणसं घेऊन आले, तर सगळ्या टेबलांवर भडंग पसरलेलं. “वैनी, माल आज उतरवायचाय. दोन तास द्या,” भडंगवाले म्हणाले. ते दोन तास रात्रीपर्यंत लांबले. मुलीचे वडील काही बोलले नाहीत, पण मांडवात उभे राहून ते माझ्याकडे ज्या नजरेने बघत होते ती मला झोपू देईना. आणि भडंगवाल्यांचंही खोटं नव्हतं. त्यांना तारखा मी कधी लिहून दिल्याच नव्हत्या.

म्हणून करार लेखी आणि नोंदवलेला. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी असून नोंदवणं बंधनकारक आहे आणि ती जबाबदारी मालकाची आहे. तसा करार नसेल आणि वाद झाला, तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल जागा वापरणाऱ्याचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, ते खोटं असल्याचं तुम्ही सिद्ध करेपर्यंत. खर्चाला घाबरू नका. एकूण भाडं आणि अनामतीवर धरलेली वर्षाला १० टक्के रक्कम यांच्या बेरजेवर पाव टक्का मुद्रांक शुल्क असतं. महिना ८,००० आणि ११ महिने धरले तर ते काही शे रुपयांत बसतं. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये. आधार आणि अंगठ्याच्या ठशावर ऑनलाइन नोंदणी होते.

तयार नमुना घेऊन सही करू नका. त्यात घर भाड्याने देण्याच्या अटी असतात. वकिलांकडून या गोष्टी घालून घ्या:

– जागेचा ताबा आणि चावी कायम मालकाकडे. घेणाऱ्याला ठरलेल्या वारी, ठरलेल्या तासांत वापराची परवानगी
– लाल दिवसांचं कॅलेंडर कराराला जोडलेलं, दोघांच्या सह्यांचं
– नवीन लग्न ठरलं तर किती दिवस आधी कळवायचं (आम्ही १५ दिवस ठेवलेत) आणि बदली दिवस कसा द्यायचा
– कपाटाबाहेर सामान राहिलं तर काय
– कोणता पदार्थ करणार ते नावानिशी. नवीन पदार्थ विचारून
– भांडं फुटलं, भट्टीचा बर्नर बिघडला तर कोणी भरायचं
– मालाबद्दल तक्रार आली तर जबाबदारी करणाऱ्याची; पाणी, किडे, इमारत याबद्दल आली तर मालकाची
– जागा दुसऱ्या कोणाला वापरायला देता येणार नाही
– दोन्ही बाजूंनी एक महिन्याची नोटीस

अनामत आम्ही दोन महिन्यांच्या अंदाजी बिलाएवढी घेतो. बचत गटाला हप्त्याने देऊ देतो.

७. त्यांची नोंदणी आणि लेबल

‘घरच्या पत्त्यावर एफएसएसएआय (केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी) आहे, तेच चालेल’ ही समजूत खूप जणींची असते. अन्न नोंदणी जागेची असते. माल तुमच्या भटारखान्यात होणार असेल तर पत्ता तुमचा लागतो, आणि तुमच्या कार्यालयाच्या परवान्यावर त्यांना माल विकता येत नाही. प्रत्येकीचा कागद स्वतंत्र.

अर्ज एफएसएसएआयच्या फॉसकॉस पोर्टलवर होतो. आमच्याकडच्या सगळ्यांनी केला तेव्हा वर्षाला १२ लाखांपर्यंत उलाढाल असलेल्यांना साधी नोंदणी होती, फी वर्षाला १०० रुपये. मर्यादा अर्ज करताना पोर्टलवर एकदा बघून घ्या. त्यांना लागतं ते: ओळखपत्र, फोटो, पदार्थांची यादी आणि जागेचा पुरावा, म्हणजे तुमचा नोंदवलेला करार, तुमचं वीजबिल किंवा घरपट्टी पावती आणि तुमचं संमतिपत्र. मोठ्या परवान्याला आराखडा, यंत्रांची यादी आणि पाण्याचा अहवालही जोडावा लागतो. कोणाच्या तरी सांगण्यावरून एजंटाला हजारो रुपये देऊ नका, अर्ज मोबाइलवरही भरता येतो.

एकाच छताखाली अनेक जण काम करणार असतील तर अर्ज भरण्याआधी आराखडा घेऊन अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात जा आणि अन्न सुरक्षा अधिकाऱ्यांना दाखवा. कोणाचं कपाट कुठे, ओटा कोणता, वेळा कोणत्या. मी गेले तेव्हा भीत गेले होते. अर्ध्या तासात त्यांनी कच्च्या मालाचा आणि तयार मालाचा रस्ता एकमेकाला छेदतोय हे दाखवून दिलं आणि ते खरंच होतं.

पाकिटावर काय हवं ते छापखान्यात जाण्याआधी तपासा: पदार्थाचं नाव, घटक उतरत्या प्रमाणात, हिरवा शाकाहारी ठिपका, ॲलर्जीकारक घटक, पोषणमूल्य, निव्वळ वजन, बॅच क्रमांक, तयार केल्याची आणि वापरण्याची अंतिम तारीख, सर्व करांसह किंमत, करणाऱ्याचं नाव-पत्ता, ग्राहक तक्रारीसाठी फोन आणि १४ अंकी एफएसएसएआय क्रमांक. फराळवाल्या जावांनी दोन हजार पाकिटं घरच्या पत्त्याने छापली होती. सगळी रद्दीत गेली. मालाचं वजन करायचा काटा वैध मापन विभागाकडून तपासून त्यावर शिक्का असायला हवा, हेही अनेकांना माहीत नसतं.

उमेद किंवा माविमच्या बचत गटांशी बोला. बँकेकडे किंवा सरकारी योजनेकडे जाताना ‘आमची कामाची जागा ही’ असं दाखवायला नोंदवलेला करार असला की त्यांचं काम सोपं होतं, आणि तुम्हाला वर्षभराचं नेमकं गिऱ्हाईक मिळतं.

८. रोजची वही

दारातच एक जाड वही आणि दोरीला बांधलेलं पेन. आल्याची वेळ, गेल्याची वेळ, मीटरचे आकडे, टाकीचं वजन, कोणता पदार्थ, बॅच क्रमांक, फ्रीजचं तापमान, सही. गार पदार्थ ५ अंशांच्या खाली आणि गरम ठेवायचे ते ६० अंशांच्या वर, म्हणून फ्रीजला आणि स्वयंपाकाला एकेक थर्मामीटर ठेवा. कोणी आजारी पडल्याची तक्रार आली तर अधिकारी आधी पत्त्यावर येतात, आणि पत्ता तुमचा असतो. त्या दिवशी भटारखान्यात कोण होतं हे या वहीशिवाय सांगता येणार नाही.

उरलेलं तेल ज्याचं त्याने डब्यात भरून न्यायचं. पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलातल्या ध्रुवीय संयुगांना (तेल किती खराब झालं ते यावरून मोजतात) २५ टक्क्यांची कायदेशीर मर्यादा आहे, त्यामुळे ‘कालचं तेल आज ती वापरेल’ असा व्यवहार आपल्या छताखाली होऊ देऊ नका. खरकटं आणि सालं रोज घंटागाडीत. जुलाब, ताप, हाताला जखम असेल त्या दिवशी काम नाही, आणि त्या दिवसाचे पैसे मी घेत नाही. नाहीतर माणूस लपवतो.

लहान मुलं आत नकोत. हे सांगताना जीव तुटतो, कारण घरी सांभाळायला कोणी नसतं म्हणूनच बाई पोराला घेऊन आलेली असते. आम्ही वऱ्हाडाची एक खोली उघडून दिली, तिथे चटई आणि पंखा आहे. भट्टीजवळ मात्र नाही.

९. पुराचं कलम

आमचं कार्यालय गावभागाच्या बाजूला आहे. २०१९ ला भटारखान्यात पाणी आलं, २०२१ ला पुन्हा. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. आम्ही करारात लिहिलंय की पातळी ३५ फुटांवर गेली की सगळ्यांनी आपलं सामान त्याच दिवशी वरच्या मजल्यावर न्यायचं, गॅसच्या टाक्या सोडवून वर चढवायच्या आणि त्या दिवसापासून भाडं बंद. पाणी शिरलेलं कोणतंही धान्य, पीठ, पाकीट विकायचं नाही, उन्हात वाळवूनसुद्धा नाही. पाणी ओसरल्यावर टाकी धुऊन, पाणी पुन्हा तपासून, अहवाल आल्यावरच भट्टी पेटवायची.

तुमची जागा विश्रामबागेच्या किंवा मिरजेच्या उंच भागात असेल तर हे कलम लागणार नाही. पण पुराच्या दिवसांत खालच्या भागातल्या बायकांची कामं बंद पडतात, तेव्हा त्यांना आठवडाभरासाठी जागा द्यायची तयारी ठेवा आणि त्याचा एक साधा करार आत्ताच लिहून ठेवा.

सुरुवात श्रावणात करा, एकाच माणसापासून. पहिले चार आठवडे तुम्ही स्वतः पहाटे जाऊन दार उघडा आणि शेवटी स्वतः कुलूप लावा. काय मोडतं, काय कमी पडतं, कुठे पाणी साचतं ते तेवढ्यात कळतं. दुसरा माणूस गणपती झाल्यावर घ्या, म्हणजे दसऱ्यानंतर फराळाच्या ऑर्डरी सुरू होतील तेव्हा वही, काटा आणि वेळापत्रक तिन्ही बसलेलं असेल.